न्हाणीघराची कैफियत

पाणी स्वभावतः अधोगामी आहे एवढे ज्ञान शालेय पुस्तकांतून आपणांस मिळते. परंतु ते अधोगामी पाणी एका सदनिकेतून दुसरीत उतरताना वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांचा वर्षानुवर्षांचा सलोखा आपल्याबरोबर कसा वाहून नेते, हा जलविद्येतील सर्वांत महत्त्वाचा अध्याय मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळत नाही. तो शिकावयाचा तर सहकारी गृहनिर्माण संस्थेत मधल्या मजल्यावर स्वतःचे घर असावे लागते, त्या घरातील न्हाणीघराच्या भिंती टाइल्सनी मढविलेल्या असाव्या लागतात, आणि त्या टाइल्सच्या मागे, कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही अशा जागी, चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी एक लोखंडी नळ परमेश्वरावर हवाला ठेवून पुरलेला असावा लागतो. ही तिन्ही भाग्ये माझ्या वाट्यास आलेली असल्यामुळे प्रस्तुत विषयावर चार शब्द लिहिण्यास मी पात्र आहे असे मी समजतो.

आमच्या खालच्या मजल्यावरील काका भूमि अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांची सारी हयात बांधावरून भांडणाऱ्या सख्ख्या भावांच्या जमिनी मोजण्यात आणि हद्दी कायम करण्यात गेली. शिवाय ते पुण्यातील त्या पिढीचे, जिने 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पेठांतून शिरताना प्रत्यक्ष पाहिले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचेही धरण फुटल्यामुळे पुढे कित्येक दिवस हंडाभर पाण्यासाठी वणवण केली. साहजिकच जलविषयक कोणत्याही वादात त्यांचा शब्द अखेरचा मानण्याची आमच्या इमारतीत वहिवाट आहे. नळाला पाणी कमी आले तरी ते पानशेतपासून आरंभ करतात आणि अधिक आले तरी पानशेतपाशीच येऊन थांबतात. हे गृहस्थ एके दिवशी सायंकाळी, चहाची वेळ कटाक्षाने टाळून, आमच्या दारात उभे राहिले, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे मी ताडले.

"आमच्याकडे पाऊस पडतोय," ते म्हणाले.

"काका, मार्च महिना चालू आहे."

"तेच सांगायला आलोय."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि आपल्या न्हाणीघराच्या छताची छायाचित्रे तारीखवार माझ्यासमोर धरली. छतावर एक पिवळसर डाग होता आणि त्या डागाच्या कडेने शिसपेन्सिलीची बारीक रेघ मारून शेजारी तारीख घातलेली होती. डाग रेघेबाहेर सरकला की दुसरी रेघ, दुसरी तारीख. कोपऱ्यात उत्तर दिशा दाखविणारा बाण काढून खाली परिमाणही लिहिले होते. खात्यात इतका रेखीव नकाशा क्वचितच तयार झाला असेल.

"सरळ अतिक्रमण आहे," काका म्हणाले. "ईशान्येकडून सुरू झालं, आता गीझरपर्यंत आलंय."

"पण आमच्याकडे तर सगळं कोरडं ठणठणीत आहे हो!"

"असणारच. तुमचं सगळं आमच्याकडे आलंय."

हे प्रकरण यथावकाश व्यवस्थापक समितीपुढे रुजू झाले. गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींत गळतीची वाटणी मोठ्या न्यायबुद्धीने केलेली आहे: पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक नळांची गळती संस्थेच्या माथी, घरातील संडास-मोरीची गळती सभासदाच्या माथी. परंतु आमचा नळ ज्या भिंतीत होता तिची बाहेरची बाजू संस्थेची, आतली माझी, आणि नळ या दोन सार्वभौम राज्यांच्या नेमका मध्ये. त्यामुळे सीमाप्रश्न उपस्थित झाला. सेक्रेटरींनी उपविधींचे पुस्तक उघडले, खजिनदारांनी ते वाचून झाल्यावर मिटले, आणि ज्यांच्या स्वतःच्या घरी गळती नव्हती अशा सर्व सभासदांनी, दुरुस्ती ज्याची त्याने करावी, असे तत्त्व एकमताने मान्य केले. एका सभासदाने हे पाणी पावसाचेच असावे अशी शंका मांडून माझा पक्ष घेतला, तेव्हा मला भरून आले; पुढे कळले की त्यांच्या गच्चीलगतच्या खोलीतही ओल होती आणि संस्थेच्या खर्चाने होणाऱ्या कोणत्याही दुरुस्तीत आपलाही समावेश व्हावा एवढाच त्यांचा हेतू होता. सभा चहानंतर तहकूब झाली.

त्यानंतरच्या पंधरवड्यात मला एक गोष्ट उमगली, ती अशी की, आपल्या समाजात स्वतःच्या भिंतीविषयी बोलण्यास कोणी धजत नसले तरी परक्याच्या भिंतीविषयी प्रत्येकाचे स्वतंत्र व परिपक्व मत असते. तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त अभियंत्यांनी उतार चुकला आहे असे सांगितले, आणि कोणता उतार, असे विचारताच 'एकंदरीतच' असे उत्तर दिले. दूधवाल्याने पांढरे सिमेंट सुचविले. माझ्या मेव्हण्यांनी, जे विमा व्यवसायात आहेत, भिंतीला यंत्राने इंजेक्शन देण्याचा एक नवा प्रकार निघाल्याचे सांगितले आणि भिंत न फोडताच ती बरी होते असे आश्वासन दिले; एवढेच नव्हे तर इंजेक्शन देणाऱ्या इसमास परस्पर बोलावूनही टाकले. तो इसम आला, भिंतीकडे बराच वेळ करुणेने पाहत राहिला आणि त्याने जी रक्कम उच्चारली तीत त्या भिंतीला मुंबईच्या एखाद्या उत्तम रुग्णालयात स्वतंत्र खोली मिळाली असती. आमच्या सौभाग्यवतींनी तेवढ्यात एकच प्रश्न विचारला, "अहो, पण पाणी येतंय कुठून ते तरी बघितलंय का कोणी?" आणि अशा प्रश्नांमुळेच चर्चेचा विचका होतो असे सर्वांचे मत पडले.

अखेर तपास रीतसर सुरू झाला. प्रथम संशय जमिनीवर आला. नाहणीच्या जाळीखाली कापडाचा बोळा कोंबून न्हाणीघराच्या जमिनीवर तीन-चार बोटे पाणी भरावयाचे, ते चोवीस तास हलवावयाचे नाही, आणि खालचा डाग वाढतो का ते पाहावयाचे, अशी ही परीक्षा असते. खाली काका खुर्ची टाकून, पेन्सिलीला टोक काढून बसले. डाग रेषामात्र सरकला नाही. जमीन निर्दोष सुटली. मग शॉवरकडे जाणाऱ्या नळाचे तोंड बुचाने बंद करून त्यात दाबाने पाणी भरण्यात आले आणि दाबमापकाचा काटा आम्हां सर्वांच्या देखत हळूहळू, निर्लज्जपणे, खाली उतरू लागला. आरोपी सापडला होता. फक्त तो भिंतीच्या आत होता.

त्याला बाहेर काढण्यासाठी आलेला प्लंबर ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याचा होता. देशातील मोठमोठ्या शहरांच्या मोऱ्यांचा आणि नळांचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांपैकी फार मोठा वर्ग त्याच एका जिल्ह्यातून येतो, आणि हे काम त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक निर्विकार शांती असते. त्याने भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि बाजारात कलिंगड पारखून घ्यावे त्याप्रमाणे एकेका टाइलवर बोटाची पेरे वाजवीत तो खालून वर गेला. जी पोकळ वाजली तिच्यावर खडूने फुली मारली. फुल्या मोजून तो म्हणाला, "साब, चार टाइल निकालना पडेगा." चार! त्या संख्येने मला केवढा धीर आला म्हणून सांगू! चार टाइल्स म्हणजे भिंतीच्या विस्ताराच्या मानाने काहीच नव्हे. खाली मान घालून आंघोळ करणाऱ्याच्या तर त्या लक्षातही येणार नाहीत.

टाइल्सच्या स्वभावाचा मला तोपर्यंत परिचय नव्हता. ज्या टाइल्स पोकळ म्हणून काढावयाच्या होत्या त्या छन्नीच्या प्रत्येक घावाला तुकड्यातुकड्याने, हुतात्म्याच्या निर्धाराने, आपली जागा लढवीत राहिल्या. आणि ज्या मजबूत म्हणून राखावयाच्या होत्या त्या शेजारणीवर झालेला अत्याचार सहन न होऊन, कोणी स्पर्शही केला नसता, आपण होऊन खाली आल्या. चाराच्या नऊ झाल्या, नवांची ओळ झाली, ओळीने वरच्या ओळीला हाक दिली, आणि दुपारी मी कचेरीतून घरी फोन केला तेव्हा सौभाग्यवतींनी फोन न बोलता न्हाणीघराच्या दिशेने धरला. पलीकडून जो आवाज आला त्यावरून भिंत पूर्णपणे स्वतंत्र झाल्याचे माझ्या ध्यानी आले.

सायंकाळी ती मी पाहिली. स्वतःच्या घराची भिंत उघडी पाहण्याचा प्रसंग गृहस्थाच्या आयुष्यात फारसा येत नाही, आणि न येतो तेच बरे. गिलाव्यावर कोण्या अज्ञात गवंड्याच्या थापीचे आडवे ओरखडे जसेच्या तसे होते. प्रत्येक टाइलच्या पाठीशी मध्यभागी तेवढा सिमेंटचा एक गोळा होता आणि चारी कोपरे हवेवर सोडलेले होते. नळाभोवतीचे भगदाड विटेऐवजी सिमेंटच्या पोत्याच्या कागदाने बुजविले होते, आणि त्या कागदाच्या घडीत एक अर्धवट ओढलेली विडी सुरक्षित होती. ज्या तत्परतेने ती विझवून लपविली होती त्यावरून ऐन त्याच क्षणी मुकादम पाहणीस आला असावा. नळाच्या एल्बोपाशी, जेथे आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा फासलेला होता, तेथे गंजाची नारिंगी फुले उमलली होती, आणि त्या फुलांच्या मधोमध, टाचणीचे टोक जेमतेम जाईल एवढे, एक छिद्र होते. त्यातून पाण्याचा एक थेंब डोकावे, क्षणभर विचार करी, आणि काकांकडे निघून जाई.

या शहराला पाण्याच्या नळांचा केवढा थोर वारसा आहे हे आठवून मला त्या क्षणी विशेष खेद झाला. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावातून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ घालून पाणी आणले. ना पंप, ना वीज, केवळ उताराच्या हिशेबावर काही कोसांची वाट चालून ते पाणी शहरातल्या हौदांत पडत असे, आणि वाटेत हवा खेळती राहावी म्हणून बांधलेले उच्छ्वास आजही काही ठिकाणी दाखवितात. तो नळ बांधणाऱ्यांच्या वारसांना कॉकपासून शॉवरपर्यंतचे चार फुटांचे अंतर कोरड्याने पार करता आले नाही! काकांना मी हे बोलून दाखविले तेव्हा ते म्हणाले, "पेशव्यांच्या नळाखाली कोणी राहत नव्हतं म्हणून तक्रार नाही आली." यावर मला उत्तर सुचले नाही.

नळ बदलण्याचे काम अर्ध्या तासात उरकले. गंजलेला लोखंडी तुकडा काढून प्लंबरने प्लास्टिकचा नवा नळ घातला, पुन्हा दाब देऊन काटा हलत नाही हे दाखविले आणि तो हत्यारे आवरू लागला. मी भगदाडाकडे बोट दाखविले.

"और ये?"

"वो हमारा काम नहीं है, साब. वो गवंडी का काम है."

येथून मला एका अशा वर्णव्यवस्थेचा परिचय झाला की जिचा स्मृतिग्रंथांतून उल्लेख नाही, पण जिचे नियम अधिक कडक आहेत. भिंत फोडणारा ती भरीत नाही. भरणारा टाइल लावीत नाही. टाइल लावणारा तिच्या सांध्यांत ग्राउट भरण्यापूर्वी दुसऱ्या कामावर निघून जातो आणि गीझरची वायर तुटली असल्यास या तिघांपैकी कोणीही तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. जो तो आपल्या आधी येऊन गेलेल्याचे काम पाहून कपाळाला हात लावतो, एवढा एकच आचार सर्व वर्णांत समान आहे. गवंड्याने येताच विचारले, "हे कुनी फोडलं?" टाइलवाल्याने पुढे विचारले, "हा गिलावा कोणी केला?" आणि 'तुम्ही यांना कुठून शोधून काढलं?' हा प्रश्न तर दोघांनीही, एकमेकांविषयी, मला केला. राडारोडा उचलण्यास मात्र कोणताच वर्ण तयार नसल्यामुळे तो गोण्यांत भरून जिन्याखाली ठेवण्यात आला, आणि या कृत्याबद्दल संस्थेच्या सूचना फलकावर माझा सदनिका क्रमांक घालून एक फर्मान झळकले.

या दरम्यान टाइल्सचा शोध सुरू होता. आमच्या न्हाणीघराच्या टाइल्स आठ बाय आठ इंचांच्या, फिकट पिस्ता रंगाच्या, कोपऱ्यात एक हिरवे पान असलेल्या. चाळीस वर्षे मी त्या पानाकडे रोज सकाळी पाठ करून उभा होतो. आता त्याच्या जोडीदाराच्या शोधार्थ, एक तुकडा रुमालात बांधून, भवानी पेठेतील दुकानांची पायरी झिजवू लागलो. दुकानदार तो तुकडा हातात घेत, उजेडाकडे धरीत, मागची नक्षी निरखीत, आणि दिवंगत व्यक्तीविषयी बोलण्याच्या स्वरात म्हणत, "चांगला माल होता. बंद झाला." देशातील बहुतेक टाइल्स आता गुजरातेतील मोरबीहून येतात, तेथे नित्य नवी नक्षी निघते आणि नवी निघाली की जुनी कायमची नाहीशी होते. शिवाय हल्ली भिंतीची टाइल फूटभर रुंद आणि दीड फूट लांब असल्याशिवाय कोणी तिला टाइल म्हणत नाही. आठ इंचांचे नाव काढताच एका तरुण विक्रेत्याने माझ्याकडे पाहून आवाज चढवून, सावकाश शब्दोच्चार करीत, मला बसावयास खुर्ची दिली.

एका दुकानात जवळजवळ तोच रंग मिळाला. 'जवळजवळ' या शब्दाने किती संसार उद्ध्वस्त झाले असतील याची गणना नाही. दुकानात जो पिस्ता होता तो रस्त्यावर येताच मोरपिशी झाला, रिक्षात राखी दिसला, आणि घरी न्हाणीघराच्या दिव्याखाली जुन्या टाइलच्या शेजारी धरताच त्याने आपले सर्व सोंग टाकून स्वच्छ निळा रंग धारण केला. खोक्यावर 'शेड'चा म्हणून एक स्वतंत्र आकडा छापलेला असतो आणि एकाच नक्षीच्या दोन खोक्यांवरील तो आकडा निराळा असेल तर दोन्हींचे रंगही निराळे, ही विद्या मला त्याच दिवशी प्राप्त झाली. मग नातलगांची मते मागविण्यात आली, म्हणजे ती न मागविता आली. मेव्हण्यांचे मत असे पडले की रंग जुळत नसेल तर मुळीच जुळवू नये, मुद्दाम विरोधी रंगाचा पट्टा घालावा, म्हणजे लोकांना ती हौस वाटते. काकांचे मत असे की टाइल लावूच नये, भिंत उघडी ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी तपास सोपा जाईल. कन्येने परगावाहून छायाचित्रे पाठविली. त्यांतल्या न्हाणीघरात झाडे लावलेली होती. गंमत अशी की, वर्षभर भिंतीतून पाणी पाझरत होते तेव्हा यांच्यापैकी एकानेही न्हाणीघराच्या दिशेने ढुंकून पाहिले नव्हते. परंतु टाइल विजोड लागणार म्हणताच घराण्याच्या अब्रूचा प्रश्न उत्पन्न झाला. मनुष्य ओलीत आनंदाने नांदतो. ठिगळ तेवढे त्याला सोसत नाही.

गवंडी जत तालुक्यातला होता. त्याने प्रथम भिंतीवर छन्नीने टाचे मारले, सैल झालेले सर्व खरवडून काढले, ओळंबा सोडला आणि भिंत बोटभर बाहेर आलेली आहे हे मला दाखविले. मी, ती चाळीस वर्षे तशीच आहे, असे म्हणालो. तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या." ओळंबा पुन्हा पिशवीत गेला. एकास चार प्रमाणात सिमेंट आणि वाळू कालवून, त्यात पाणीबंद करणारे औषध टाकून, त्याने गिलावा केला, लाकडी रंध्याने तो सारखा केला आणि हात धुता धुता सांगितले, "आता सात दिस ह्याला पानी मारा. सकाळ-संध्याकाळ. सुकू देऊ नका."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. ज्या भिंतीतून पाणी हटविण्यासाठी हा सर्व खटाटोप केला तिच्यावर आता आपण होऊन पाणी मारावयाचे! पण शास्त्र त्याच्या बाजूला होते. लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन नामक एका गवंड्याने 1824 साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले तेव्हापासून, त्या जातीच्या सिमेंटचा धर्मच असा की ते वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होते. आणि पहिल्या आठवड्यात त्याची तहान भागविली नाही तर ते जन्मभर तडे दाखवीत राहते. गवंडी म्हणाला, "आमच्याकडं लोक टँकरची वाट बघत बसत्यात, साहेब, आन् तुमच्यात पानी भिंतीतनं येतंय, वर आनि भिंतीला पाजायचंय." हे बोलताना त्याच्या मुद्रेवर कसलाही उपरोध नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. सायंकाळी मी तांब्याने पहिले पाणी मारले आणि तत्काळ खालून फोन आला.

"पाणी सोडलंत?"

"भिंतीला मारतोय, काका. सिमेंट पिकायला."

"किती लिटर?"

त्या दिवसापासून मारलेल्या पाण्याची नोंद ठेवून ती खाली कळविण्याचे माझ्यावर बंधन आले.

घरात न्हाणीघर एकच, त्यामुळे या संपूर्ण मुदतीत आमच्या कुटुंबाच्या स्नानाचा प्रश्न बिकट झाला होता. पुणेरी शेजाऱ्यांकडे दुसऱ्याच्या न्हाणीघरात आंघोळीस जाणे हा एक स्वतंत्र संस्कार आहे. यजमान दारात उभे राहून 'संकोच करू नका' असे म्हणतात आणि त्याच श्वासात गीझर कोणत्या बटणावर चालतो, किती वेळात बंद करावयाचा, व बादली निळी घ्यावयाची, लाल नव्हे, हे सांगतात. बाहेर पडताना आपण ओल्या केसांनी त्यांच्या पाहुण्यांसमोरून जातो आणि ते पाहुणे उगीचच उठून उभे राहतात. शेवटी काकांनीच आपले न्हाणीघर आम्हांस खुले केले. यात औदार्य होतेच, पण पक्षकाराने जागेवर येऊन पाहणी करावी हा कायदेशीर हेतूही असावा असे मला वाटते.

काकांच्या न्हाणीघराचा निम्मा भाग पाण्याने काठोकाठ भरलेल्या पिंपांनी व्यापलेला आहे. ती पिंपे 1961 सालापासून कधी रिकामी झालेली नाहीत, त्यांतील पाणी तेवढे बदलते. उरलेल्या जागेत मी पाटावर बसलो. वर छतावर पेन्सिलीच्या रेघांचे ते सुप्रसिद्ध नकाशे होते. नळ दुरुस्त झालेला असला तरी छताच्या पोटात साठलेली ओल अजून निथळत होती, आणि ठराविक अवकाशाने तिचा थेंब अचूक माझ्या टाळूवर पडत होता. खुंटीला एक काळी छत्री अडकविलेली होती. ती तेथे का आहे याचा उलगडा झाल्यावर मी ती उघडली. डाव्या हातात छत्री आणि उजव्या हातात तांब्या अशा अवस्थेत मनुष्य स्नान करीत असता त्याने आपल्याच घरातून आलेल्या पाण्यापासून आपला बचाव करावा आणि परक्याच्या पाण्याने भिजावे, या स्थितीला कोणत्या दर्शनात काय म्हणतात ते शोधले पाहिजे. बाहेरून काकांनी विचारले, "येतोय ना थेंब?" मी म्हणालो, "येतोय." "नोंद करतो," ते म्हणाले.

पुढच्या गोष्टी त्या मानाने लवकर झाल्या. गिलावा पिकून सुकल्यावर त्यावर पाणीबंद लेपाचे दोन हात मारले, पहिला आडवा आणि दुसरा उभा. टाइलवाला आला तेव्हा टाइल्स भिजवाव्यात की भिजवू नयेत यावर त्याचा आणि दुकानदाराचा फोनवरून माझ्यामार्फत कडाक्याचा वाद झाला. साध्या सिमेंटवर लावताना टाइल रात्रभर पाण्यात ठेवण्याची जुनी रीत आहे. हल्लीच्या चिकट मसाल्यावर लावावयाची तर ती कोरडीच हवी, असे दुकानदाराचे म्हणणे. टाइलवाला म्हणाला, "माझ्या बापाने भिजवली, मी भिजवणार." शेवटी मी दुकानदाराला भिजविणार नाही असे सांगितले, टाइलवाल्याला भिजविल्या आहेत असे सांगितले, आणि कोरड्या टाइल्सवर ओले फडके फिरवून दोघांचाही मान राखला. रंग अखेर पांढरा घेतला, कारण पांढरा कशाशीही जुळतो असा समज आहे. पांढऱ्याच्याही इतक्या जाती आहेत की त्यांतील एक जात आमच्या उरलेल्या पिस्त्याशेजारी गुलाबी दिसते, हे लावून झाल्यावर सर्वांच्या लक्षात आले. आणि मेव्हणे, ते सर्वप्रथम मलाच सुचले होते, असे म्हणाले.

सांधे भरून, ग्राउट सुकून, सर्व मुदती संपल्यावर चाचणी स्नानाचा दिवस मुक्रर झाला. सेक्रेटरींना कामाच्या पूर्ततेचा अहवाल तीन प्रतींत हवा होता आणि त्यावर खालच्या सभासदाची स्वाक्षरी आवश्यक होती. काका तर मोजणी झाल्याखेरीज स्वाक्षरी करणारे नव्हेत. ठरल्याप्रमाणे सकाळी मी शॉवरखाली उभा राहिलो, मोबाइल साबणाच्या फळीवर आवाज मोठा करून ठेवला, आणि खाली काका स्टुलावर चढून, पेन्सिल कानावर ठेवून, छतास नाक लावून सज्ज झाले.

"हं, सोडा पाणी."

मी सोडले. कित्येक आठवड्यांनी अंगावर पडलेल्या त्या धारांखाली मला क्षणभर सर्वांविषयी, समितीविषयीसुद्धा, प्रेम वाटले.

"भिंतीवर जाऊ द्या जरा. एकटेच नका भिजू."

मी भिंतीवर जाऊ दिले.

"आता साबण लावा. साबणाचं पाणी पातळ असतं, ते लवकर वाट काढतं."

हा सिद्धांत मला नवा होता, पण वाद घालण्यासारखी माझी वेशभूषा नव्हती. मी नखशिखांत साबण लावला, केसांना लावला, डोळे मिटले आणि नळाकडे हात नेला. शॉवरने एक सुस्कारा सोडला, दोन-चार थेंब टाकले आणि मौन धारण केले. त्या दिवशी महापालिकेचा पाणीपुरवठा बंद होता आणि गच्चीवरील टाकीत जेवढे होते तेवढे मी भिंतीला पाजले होते.

"काका," मी ओरडलो, "पाणी गेलं!"

खाली बराच वेळ शांतता होती. स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे आजच्या मोजणीला काही अर्थ नाही," काका म्हणाले. "परवा पुन्हा घेऊ. तोपर्यंत असे राहू नका, खाली या, पिंपं भरलेली आहेत. आणि हे बघा, येताना आपली छत्री आणा. आमची हिने बाजारात नेलीय."